‘परस्पर’ या शब्दाचे दोन अर्थ : वसईचा तह, असईची लढाई आणि मित्राची फौज

भोकरदनमध्ये बोलायला उभं राहिलं की मला थोडं दडपण येतं. श्रोत्यांत अर्धे लोक ओळखीचे असतात आणि उरलेले अर्धे ओळखीच्यांचे पाहुणे असतात. जे ऑनलाइन ऐकतायत किंवा नंतर हे वाचणार आहेत, त्यांच्यासाठी सुरुवातीलाच ठिकाण सांगतो. जालना जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव केळणा नदीच्या काठी आहे. जुन्या काळी याचं नाव भोगवर्धन. इथल्या उत्खननात सातवाहन काळातल्या वस्तू सापडल्या आणि इथल्या व्यापाराचे धागे फार दूरवर जातात. पण आज मी त्या भोगवर्धनाबद्दल बोलणार नाही. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या जमिनीवर, असई गावाजवळ, २३ सप्टेंबर १८०३ रोजी जे घडलं, तिथून सुरुवात करतो.

विषय दिला गेला होता, ‘परदेशी लष्करी तळ आणि मित्रराष्ट्रांचं परस्पर संरक्षण’. संयोजकांना वाटलं असेल की मी नाटो, जपान, अमेरिका यांच्यावर बोलेन. बोलणार आहेच. पण हा विषय आपल्याकडे बाहेरून आलेला नाही. आपल्याच शेतांत तो लढला गेलाय. आपण त्याला ‘तैनाती फौज’ म्हणतो आणि इयत्तेच्या परीक्षेत दोन गुणांची टीप लिहून मोकळे होतो. त्या दोन गुणांच्या टिपेवर माझा आक्षेप आहे, म्हणून हे व्याख्यान.

आधी शब्दाकडे बघू. तत्त्वज्ञानाच्या मास्तराची ही खोड असते, ती सहन करा. मराठीत ‘परस्पर’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, एकमेकांचं : परस्पर प्रेम, परस्पर विश्वास. दुसरा, न विचारता, बाहेरच्या बाहेर : ‘भावानं जमीन परस्पर विकली’, ‘पोरानं परस्पर पैसे उचलले’. एकाच शब्दात दोघांची संमतीही आहे आणि एकाला डावलणंही आहे. ‘परस्पर संरक्षणाचा करार’ असं जेव्हा कोणी म्हणतं, तेव्हा यातला कोणता ‘परस्पर’ चालू आहे हे तपासायचं असतं. आजच्या व्याख्यानात एवढंच काम करायचं आहे.

आता वसईचा तह. तारीख ३१ डिसेंबर १८०२. पार्श्वभूमी तुम्हाला ठाऊक आहे. १८०१ मध्ये पुण्यात विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी देऊन मारलं. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरला दुसऱ्या बाजीरावाच्या आणि दौलतराव शिंद्यांच्या एकत्र सैन्याचा पराभव केला. बाजीराव पळाले, कोकणात उतरले आणि समुद्रमार्गे वसईला पोहोचले. तिथे कर्नल बॅरी क्लोज यांच्याबरोबर तह झाला. कंपनीनं किमान सहा हजार पायदळ, तोफखान्यासह, पेशव्यांच्या मुलखात कायमचं ठेवायचं. त्याच्या खर्चापोटी पेशव्यांनी वर्षाला २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख द्यायचा. इंग्रजांशी शत्रुत्व असलेल्या युरोपीय देशांची माणसं पदरी ठेवायची नाहीत. निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेल्या वादांत इंग्रजांचा निवाडा मानायचा. इंग्रजांशी मसलत केल्याशिवाय दुसऱ्या सत्तेशी बोलणी करायची नाहीत. आणि या सगळ्याच्या वर, तहाच्या आरंभीच, एक फार गोड वाटणारी गोष्ट आहे : एकाचे मित्र आणि शत्रू ते दुसऱ्याचेही मित्र आणि शत्रू.

हे शेवटचं वाक्य आजही तुम्हाला ओळखीचं वाटेल. नाटोच्या १९४९ च्या करारातलं पाचवं कलम हेच सांगतं की एकावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा हल्ला. मग वसई आणि नाटो एकच का? काही मंडळी तसं म्हणतात. मी म्हणत नाही. पण का म्हणत नाही, ते भावनेवर न सोडता कसोट्या लावून सांगितलं पाहिजे.

माझ्या कसोट्या चार आहेत. शत्रू कोण, हे कोण ठरवतं? फौजेला हुकूम कोणाचा? खर्च कोणाच्या ताटातून जातो? आणि पाहुण्याला निरोप देता येतो का?

पहिली कसोटी वसईला लावू. बाजीराव कोणाच्या भीतीनं पळाले होते? होळकरांच्या. शिंदे कुठे होते? हडपसरच्या लढाईत शिंद्यांची फौज पेशव्यांच्या बाजूनं लढली होती. आता बघा काय होतं. तह झाला, १३ मे १८०३ रोजी बाजीराव इंग्रजी फौजेच्या संरक्षणात पुण्याच्या गादीवर परत बसले आणि तीन महिन्यांच्या आत या मैत्रीतलं पहिलं युद्ध सुरू झालं ते शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्याविरुद्ध. होळकर त्या वेळी लांब राहिले. त्यांच्याशी युद्ध १८०४ मध्ये. म्हणजे ज्याच्यामुळे संरक्षण मागितलं त्याच्यावर आधी हत्यार चाललं नाही. जो पराभवात सोबत होता, त्याच्यावर चाललं. हा ‘परस्पर’चा दुसरा अर्थ. शत्रू निवडला कलकत्त्यानं, नाव घेतलं पुण्याचं.

आणि ते हत्यार चाललं इथे. १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला पडला. सप्टेंबरच्या सुरुवातीला कर्नल स्टीव्हन्सननं जालन्याचा किल्ला घेतला. हा स्टीव्हन्सन कोणाची फौज घेऊन आला होता? निजामाच्या तैनाती फौजेची. २१ सप्टेंबरला बदनापूरला आर्थर वेलस्ली आणि स्टीव्हन्सन भेटले. दोन वाटांनी निघून मराठ्यांच्या तळावर एकत्र हल्ला करायचा, असं ठरलं. वेलस्लीला बातमी होती की मराठ्यांचा तळ भोकरदनला आहे. प्रत्यक्षात मराठ्यांची छावणी भोकरदनपासून असईपर्यंत पसरलेली होती आणि वेलस्ली अपेक्षेपेक्षा आधीच तिच्यासमोर येऊन ठेपला. स्टीव्हन्सन अजून पोहोचलेला नव्हता. समोरासमोरची दोन गावं बघून वेलस्लीनं अंदाज बांधला की इथे नदीला उतार असणारच. तो उतार सापडला, फौज केळणा ओलांडून आली आणि दोन नद्यांच्या बेचक्यात लढाई झाली. कंपनीच्या बाजूची हानी मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून दीड हजारावर गेली. शिंद्यांच्या तोफा हातच्या गेल्या. पुढे वॉटर्लू जिंकलेला हाच माणूस असईला आपली सर्वांत चांगली लढाई म्हणत असे.

इथे एक गोष्ट अवघड आहे, ती टाळायची नाही. कंपनीच्या बाजूनं मेलेल्यांत मोठा भाग मद्रासकडच्या देशी शिपायांचा होता. आपल्या आजच्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावरचा हत्ती हा असईचा हत्ती आहे. आणि शिंद्यांच्या कवायती पलटणींचं नेतृत्व पोहलमान या जर्मन माणसाकडे होतं. कंपनीनं आपल्या देशबांधवांना बोलावल्यावर शिंद्यांच्या नोकरीतले इंग्रज अधिकारी निघून गेले. म्हणजे ‘देशी विरुद्ध परदेशी’ असा सरळ हिशोब इथे बसत नाही. दोन्हीकडे परके होते, दोन्हीकडे आपले होते. फरक एवढाच की पोहलमान हा नोकर होता. शिंदे त्याला काढू शकत होते. वेलस्लीला बाजीराव काढू शकत नव्हते. तळाच्या प्रश्नात कातडीचा रंग दुय्यम असतो. ‘उद्या सकाळी जा’ असं म्हणण्याचा अधिकार कोणाकडे, हा मुख्य प्रश्न.

दुसरी कसोटी, हुकूम कोणाचा. फौज पेशव्यांच्या मुलखात राहणार, पेशव्यांच्या पैशावर जेवणार, अधिकारी कंपनीचे. किरकोळ कामाला, शिबंदीसारखं वसुलीला, ती वापरायची नाही. मोठ्या कामाला वापरायची. आणि काम मोठं की किरकोळ, हे व्यवहारात ठरवणार कोण? रेसिडेंट. घरात ठेवलेला राखणदार मालकाचं न ऐकता दुसऱ्याच्या शिट्टीवर उठत असेल, तर तो राखण नेमकी कोणाची करतो?

तिसरी कसोटी, खर्च. इथे तैनाती पद्धतीची खरी मेख आहे आणि आपल्या मराठवाड्याला ती फार जवळून माहीत आहे. निजामानं १ सप्टेंबर १७९८ ला तह केला तेव्हा सहा पलटणींसाठी वर्षाला २४,१७,१०० रुपये रोख ठरले. दोन वर्षांत, १२ ऑक्टोबर १८०० च्या तहानं, फौज वाढली आणि रोख रकमेऐवजी म्हैसूरच्या युद्धांतून निजामाला मिळालेला मुलूखच कायमचा कंपनीकडे गेला. बल्लारी, अनंतपूर, कडप्पा तेव्हा गेले. रोख रक्कम थकू शकते, तिच्यावर वाद होऊ शकतो, पण ती पुढच्या वर्षी बंद करता येते. मुलूख दिला की तुमचं उत्पन्नाचं साधनच समोरच्याच्या हातात गेलं. मग संरक्षण चालू ठेवणं न ठेवणं हा प्रश्नच उरत नाही.

पुढचं आणखी बोलकं आहे. १८०० च्या तहात निजामानं युद्धकाळात सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडदळ मदतीला द्यायचं होतं. युद्धकाळात, हा शब्द लक्षात ठेवा. पुढे या जबाबदारीच्या नावाखाली इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक वेगळीच कायमची फौज उभी राहिली, हैदराबाद कंटिन्जंट. युद्ध असो नसो, तिचा पगार निजामाच्या खजिन्यातून. या फौजेची छावणी आपल्या जालन्यातही होती. पगार थकत गेले, कर्ज चढत गेलं आणि २१ मे १८५३ च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. त्याबरोबर रायचूर दोआब आणि नळदुर्गचा भाग. एका कलमातला ‘युद्धात’ हा शब्द ‘शांततेतही’ असा वाचला गेला आणि अमरावती-अकोल्याच्या कापसाचा मालक बदलला. करारातल्या शब्दांकडे दुर्लक्ष करू नका, असं मी विद्यार्थ्यांना सांगायचो, तेव्हा त्यांना वाटायचं सर व्याकरण शिकवतायत.

चौथी कसोटी, निरोप. वसईचा तह कायमचा होता. मुदत नाही, नोटीस नाही, फेरविचार नाही. त्याचा शेवट कसा झाला? १३ जून १८१७ चा पुण्याचा तह बाजीरावांवर लादला गेला तो याच फौजेच्या वेढ्याच्या धाकात. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला जी फौज पेशव्यांशी लढली तिच्यात ती पेशव्यांच्या रक्षणासाठी ठेवलेली फौजही होती. त्या वेळचा रेसिडेंट होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. चौदा वर्षांपूर्वी तेविसाव्या वर्षी तो वेलस्लीबरोबर असईला हजर होता. असईला सुरू झालेला हिशोब खडकीला मिटला. ३ जून १८१८ ला बाजीराव शरण गेले, वर्षाला आठ लाखांचं पेन्शन घेऊन बिठूरला. खडकी आजही कॅन्टोन्मेंट आहे.

इथपर्यंत बहुतेकांना पटलं असेल. आता मी ज्यावर टीका करायला उभा आहे त्याकडे येतो. आपली नेहमीची समजूत अशी : बाजीराव भित्रे होते, सरदार फितूर होते, इंग्रज कपटी होते, म्हणून राज्य गेलं. या समजुतीत सगळा दोष माणसांच्या स्वभावावर जातो. ती आपल्याला बरं वाटायला लावते, कारण आपण भित्रे नाही आणि फितूर तर मुळीच नाही, अशी आपली खात्री असते. पण बाजीराव शूर असते तर तहाच्या कलमांचा अर्थ बदलला असता का? निजाम अली खान काही भेकड नव्हता. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला मराठ्यांनी त्याचा पराभव केला तेव्हा इंग्रज तटस्थ राहिले. त्यानंतर त्यानं फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखाली पलटणी वाढवल्या आणि तीन वर्षांनी त्या मोडून इंग्रजांची फौज स्वीकारली. त्याला भीती कोणाची होती? मराठ्यांची. म्हणजे आपली. निजामाच्या दारात तैनाती फौज आली, त्याला आपणही काही अंशी कारण आहोत. चार वर्षांनी तीच पाळी आपल्यावर आली, आणि निजामाच्या पैशावर पोसलेल्या फौजेनं जालना घेतला. शेजाऱ्याला इतकं घाबरवू नये की तो दूरच्याला घरात घेईल. हा धडा फितुरीच्या गोष्टीत कुठेच येत नाही.

आपल्या परंपरेत याची जाण नव्हती, असंही नाही. कौटिल्यानं सहा गुणांत ‘संश्रय’ म्हणजे बलवानाचा आश्रय मोजलाय, पण आपल्याहून बलाढ्य राजाशी एकत्र येणं हा मोठा धोका आहे, असं बजावलंय. अपवाद एकच, तो बलवान आधीच आपल्या शत्रूशी झुंजत असेल तर. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांना वखारीसाठी जागा द्यायचीच झाली तर समुद्रकाठी देऊ नये, आत द्यावी, पक्की बांधकामं करू देऊ नयेत, असा सल्ला आहे. वसईच्या तहाच्या जवळजवळ नव्वद वर्षं आधीचा हा मजकूर. कागदावर शहाणपण होतं. पण राज्य भावाभावांत विभागलेलं असलं की ते कागदावरच राहतं.

आणि आता माझी स्वतःची चूक. मी तीसएक वर्षं कांट शिकवला. त्याचा चिरंतन शांततेवरचा निबंध १७९५ चा, म्हणजे खर्ड्याच्या लढाईचं वर्ष. त्यातल्या अटी आम्ही पाठ करून घ्यायचो. पुढच्या युद्धाची तजवीज पोटात ठेवून केलेला तह हा तहच नव्हे. खड्या फौजा हळूहळू नाहीशा व्हाव्यात. परक्याला भेटीला येण्याचा हक्क आहे, मुक्काम ठोकण्याचा नाही. पण त्याच निबंधात, पाहुणचाराच्या चर्चेत, कांट हिंदुस्थानचं नाव घेतो. व्यापारी ठाणी काढायच्या निमित्तानं युरोपीयांनी तिथे परक्या फौजा नेल्या आणि लोकांवर जुलूम केला, असं तो म्हणतो. तो परिच्छेद मी वर्गात उदाहरण म्हणून सोडून द्यायचो. परीक्षेत येत नाही ना! कोनिग्सबर्ग सोडून कधी फारसा बाहेर न गेलेल्या माणसाला जे दिसलं, ते असईपासून इतक्या जवळ वाढलेल्या मला वर्गात सांगावंसं वाटलं नाही. याची खंत आहे.

तैनाती फौजेचा सगळ्यात खोल दोष मात्र कांटनं नव्हे, कंपनीच्याच एका अधिकाऱ्यानं सांगितला. थॉमस मन्रो यानं ऑगस्ट १८१७ मध्ये गव्हर्नर जनरलला लिहिलं त्याचा मथितार्थ असा : एरवी वाईट राजाला बंडाची, गादी जाण्याची भीती असते. परकी फौज त्याला ती भीती राहू देत नाही. मग तो आळशी होतो, जुलमी होतो आणि रयतेकडे उपाय उरत नाही. राजाला संरक्षण मिळतं ते शत्रूपासून कमी आणि स्वतःच्या प्रजेपासून जास्त. जॉन स्टुअर्ट मिलनं १८५९ मध्ये जवळपास हेच निदान केलं, पण उपाय सांगितला तो असा की ज्याचं रक्षण केलं त्याच्या कारभाराची जबाबदारी इंग्रजांवर येते, म्हणून वाईट राज्य खालसा करणं योग्य. निदान बरोबर, औषध उलटं. ज्या फौजेमुळे राज्य सडलं, ती फौज मागे घ्यायची सोडून राज्यच घ्यायचं, हे कुठलं तर्कशास्त्र?

आता आजच्या काळात या. चार कसोट्या नाटोला लावा. पाचवं कलम एकावरचा हल्ला सगळ्यांवरचा मानतं, पण प्रत्येक देशानं काय करायचं ते त्याला आवश्यक वाटेल तसं त्यानं ठरवायचं. तेरावं कलम बाहेर पडायची वाट देतं, एक वर्षाची नोटीस देऊन. १९६६ मध्ये फ्रान्सनं लष्करी कमानीतून अंग काढून घेतलं आणि अमेरिकी तळ उठवायला लावले. तळ उठले. फ्रान्सचं राज्य खालसा झालं नाही. जपानबरोबरच्या १९६० च्या करारातही दहा वर्षांनंतर एका वर्षाच्या नोटिशीनं करार संपवायची सोय आहे. फिलिपिन्सच्या सिनेटनं १६ सप्टेंबर १९९१ ला तळांचा नवा करार १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेनं सुबिक बे सोडलं. २०१४ मध्ये त्याच देशानं नव्या करारानं अमेरिकी सैन्याला पुन्हा काही ठिकाणी यायला वाट दिली. शहाणपणा की चूक, ते त्यांचं त्यांना माहीत. पण एका मताचा फरक पडू शकला, ही मोठी गोष्ट आहे. वसईत एकाच माणसाचं मत होतं आणि तो माणूस पळत होता.

म्हणून ‘सगळे परदेशी तळ म्हणजे गुलामी’ हे विधान मला मान्य नाही. पण ‘लोकशाही आहे म्हणजे सगळं ठीक’ हेही मान्य नाही. ओकिनावा बघा. जपानच्या एकूण जमिनीच्या जेमतेम ०.६ टक्के जमीन, आणि जपानमध्ये केवळ अमेरिकी सैन्याच्या वापरात असलेल्या तळांच्या क्षेत्रापैकी सुमारे ७० टक्के तिथे. टोकियो निर्णय घेतं, ओकिनावा विमानांचा आवाज ऐकतं. दिएगो गार्सिया बघा. तळासाठी १९६८ ते १९७३ च्या दरम्यान चागोस बेटांवरची माणसंच हलवली. देशादेशांत करार ‘परस्पर’ असेल पहिल्या अर्थानं, पण तिथल्या माणसांच्या बाबतीत तो दुसऱ्या अर्थानं ‘परस्पर’ झाला. आमच्यासारखंच. तह वसईला, लढाई असईला. १८०३-०४ मध्ये दख्खनात जो भीषण दुष्काळ पडला, त्यात पावसाबरोबर फौजांच्या वावरानं उजाड झालेल्या शेतांचाही वाटा होता. ज्या कुणब्यांच्या पिकावरून तोफा गेल्या त्यांना कोणी विचारलं होतं?

गोव्याची दोन उदाहरणं देतो, कारण ती उलट बाजू दाखवतात. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात, १७९९ पासून साधारण १८१३ पर्यंत, पोर्तुगीज गोव्यात इंग्रजांची फौज तळ ठोकून होती. दोना पावलाजवळची ब्रिटिश दफनभूमी त्याची खूण आहे. ती फौज निघून गेली. इंग्रज पुण्यात वाईट आणि गोव्यात भले होते का? नाही. युरोपात इंग्लंडला पोर्तुगालची गरज होती. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काही तरी वजन होतं. दुसरं उदाहरण : पोर्तुगाल १९४९ पासून नाटोत. अझोरेसच्या तळामुळे अमेरिकेला पोर्तुगालला दुखवायचं नव्हतं. २ डिसेंबर १९५५ च्या डलेस-कुन्हा संयुक्त निवेदनात गोव्याचा उल्लेख पोर्तुगालचा प्रांत म्हणून झाला आणि भारतात संताप उसळला. पण नाटोचं संरक्षण सहाव्या कलमानं कर्कवृत्ताच्या उत्तरेपुरतं बांधलेलं होतं. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं तेव्हा लिस्बनच्या मदतीला कोणीही आलं नाही. मित्राच्या भरवशावर ज्यांनी हटवादीपणा केला, त्यांना मित्र सापडला नाही. तेव्हा छोट्या देशानं मोठ्या मित्राची भीती जशी बाळगावी तशी मोठ्या मित्राच्या शब्दाची मर्यादाही ओळखावी.

आणि आता स्वतःकडे. हे बोलल्याशिवाय व्याख्यान प्रामाणिक होणार नाही. २९ जुलै १९८७ च्या करारानुसार भारताची शांतिसेना श्रीलंकेत गेली. हेतूबद्दल शंका घेत नाही. हजाराहून अधिक भारतीय जवान तिथे मेले. पण दोन वर्षांत तिथल्या सरकारलाही आपण नको झालो आणि ज्या तमिळांसाठी गेलो त्यांच्यातल्याही अनेकांना. मार्च १९९० मध्ये आपण परत आलो. २०२३ मध्ये मालदीवच्या सरकारनं सांगितलं, तुमचे लष्करी कर्मचारी न्या, आणि २०२४ च्या मे महिन्यापर्यंत आपण ते हलवले. त्या वेळी अनेकांना अपमान वाटला. मला वाटलं, हीच तर परीक्षा. ज्याला ‘जा’ म्हटल्यावर जाता येतं, तो पाहुणा. ज्याला जाता येत नाही, तो मालक झालेला असतो. असईच्या मातीतल्या माणसाला हे दुसऱ्यांदा समजावून सांगायला लागू नये.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं विचारलं होतं, “सर, मग करार करायचेच नाहीत का?” करायचे. एकटा राहणारा देश सुरक्षित असतोच असं नाही. १९७१ च्या ऑगस्टमध्ये आपण सोव्हिएत संघाशी करार केला. त्यात संकटाच्या वेळी तातडीनं एकमेकांशी सल्लामसलत करायची बांधिलकी होती, पण आपल्या भूमीवर त्यांचा तळ नव्हता. डिसेंबरमध्ये तो करार कामी आला. म्हणजे मैत्री आणि मुक्काम या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. करार वाचायचा, मुदत बघायची, खर्चाचं कलम बघायचं, आणि ज्या गावाच्या शिवारात तळ पडणार त्या गावाला विचारायचं. एवढं केलं तरी पुष्कळ.

शेवटी घरची गोष्ट. आमच्या जमिनीचे जुने कागद उर्दूत आहेत. लहानपणी मला याचं कोडं वाटायचं. बोलतो मराठी आणि कागद उर्दूत कसे? वडील एवढंच म्हणायचे, आपण निजामाकडे होतो. का होतो, ते मला फार उशिरा कळलं. ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहात शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेकडचा मुलूख सोडला, त्यात जालन्याचा किल्ला आणि परगणा होता. पुढच्या वर्षीच्या वाटणीत हा भाग कंपनीच्या मित्राला, निजामाला मिळाला. सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही तिथेच होतो. पेशव्यांच्या रक्षणासाठी झालेल्या तहानं आम्हाला निजामाचे करून टाकलं, आणि आमच्या पणजोबाच्या पणजोबाला याची बातमीही कदाचित पिकं काढून झाल्यावर कळली असेल.

याला मराठीत एक शब्द आहे. परस्पर.

आता प्रश्न विचारा, आणि माझं जिथे पटलं नसेल तिथे आधी विचारा.